राखेची रेघ

“तिला कशाला आडवं करायचं? ती काय, कुठेही मावेल.”

हे ज्या सुनेबद्दल बोललं गेलं, तिने ते ऐकावं असं कोणाच्याच मनात नव्हतं. पण चूल आणि अंगण यांच्यामध्ये नुसती कुडाची भिंत होती. कूड वारा अडवतो, शब्द अडवत नाही. सून भाकरी थापत होती. तिने ऐकलं आणि भाकरी तव्यावर टाकली. भाकरी नेहमीसारखीच फुगली.

ही गोष्ट फार मागची आहे, मुलांनो आणि मुलांच्या घरच्या मोठ्या माणसांनो. इतकी मागची, की तेव्हा घरं काठीने किंवा दोरीने मोजत नसत. माणसांनी मोजत.

कशी, ते आधी सांगते. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे कुणाला घराला खोली जोडायची झाली, की घरची माणसं सकाळी अंगणात येत आणि रात्री जशी झोपतात तशी ओळीने आडवी होत. मग गवंडी चुलीतली राख पाटीत भरून आणायचा आणि मुठीतून हळूहळू सोडत त्यांच्याभोवती रेघ ओढायचा. रेघेच्या आत जेवढी जागा, तेवढी खोली. दगड किती, माती किती, वासे किती, छपराला गवताच्या पेंढ्या किती, सगळा अंदाज त्या रेघेवरून निघायचा. ओळीत झोपलेल्याला हलवणं अशुभ मानत, म्हणून जो जसा पडला तसा मोजला जायचा.

गावाला या रीतीचा फार अभिमान होता. काठी कमी-जास्त धरता येते, झोपलेलं माणूस कसं धरणार, असं गवंडी म्हणायचा. त्याचं खोटं नव्हतं. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात कधी आली नव्हती. मोजणीच्या दिवशी गवंड्याला जेवायला घालायचं असे, आणि ते जेवण आपोआप शिजत नसे.

तर या गावात एक घर होतं. सासरे, सासू, मुलगा आणि मुलाची धाकटी बहीण. घर एकाच खोलीचं. मुलाचं लग्न झालं, सून आली, आणि घर पुरेना. मुलगा ओट्यावर झोपू लागला. सुनेची वळकटी धान्याची कणगी आणि पाण्याचे रांजण यांच्यामधल्या फटीत पडायची. तिला कूस बदलायची झाली तर आधी उठून बसावं लागे. रांजण पाझरायचे, त्यामुळे तिची डावी बाजू कायम ओलसर असे. नवराबायकोला चार शब्द बोलायचे असतील तर मध्ये कणगी, भिंत आणि ओट्यावरचं कुत्रं, एवढं ओलांडून बोलावं लागायचं. तेवढ्या मोठ्याने बोलण्यासारखं नव्या जोडप्याकडे काही नसतं.

सासऱ्यांच्या हे लक्षात आलं. माणूस कडक होता, पण आंधळा नव्हता. सुनेसाठी म्हणून मागच्या अंगाला नवी खोली काढायची, असं त्यांनी ठरवलं. गवंड्याला बोलावलं. आणि सुनेसाठी काढलेल्या खोलीची मोजणी सून सोडून सगळ्यांची झाली.

मोजणीच्या सकाळी आधी सासरे आडवे झाले, वाशासारखे ताठ, हात छातीवर. शेजारी मुलगा. त्याच्या शेजारी बहीण, जिला हसू आवरत नव्हतं. शेवटी सासू, एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. तेवढ्यात घरचं मांजर आलं. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सासूच्या पलीकडे उन्हाचा एक तुकडा मोकळा होता तो हेरला, आणि लांबलचक पसरलं.

गवंड्याने पाटी उचलली. “नवी सून कुठंय? तिलाही बोलवा की.”

तेव्हा सासू डोळे न उघडता ते वाक्य बोलली. रागाने नव्हे हं, कौतुकाने. पुढे असंही म्हणाली, की पोर गुणाची आहे, खाते थोडं आणि बोलते त्याहून थोडं.

मुलाने मान उचलली, चुलीकडे पाहिलं, तोंड उघडलं. शेजारी बाप ताठ पडलेला होता. मुलाने तोंड मिटलं आणि मान पुन्हा खाली ठेवली.

गवंड्याने रेघ ओढली. मांजर ओळीत होतं आणि ओळीतल्याला हलवणं अशुभ, म्हणून रेघ मांजराला वळसा घालून गेली. अशा रीतीने नव्या खोलीत मांजराची जागा पक्की झाली.

सून जेवायला वाढायचं झालं म्हणून सांगायला बाहेर आली, तेव्हा तिने ती रेघ पाहिली. ओळीतली माणसं उठून गेली होती, पण मातीवर त्यांच्या पाठींचे ठसे होते. हे मामंजी. हा आपला नवरा. ह्या वन्सं. ह्या आत्याबाई. हे मांजर. तिने दोनदा पाहिलं, कुठे एखादा ठसा पुसला गेलाय का म्हणून. पुसला गेला नव्हता. नव्या खोलीत सगळी जातील, आणि जुन्या घरात रांजणांपाशी ती राहील, हे तिला राखेत लिहिल्यासारखं दिसलं.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. सासूच्या बाजूला रेघ आत आली होती. पाय जिथे पोचायला हवेत, त्याच्या पुष्कळ अलीकडे.

त्या पायांची तिला ओळख होती. रोज संध्याकाळी ती ते चेपायची. गुडघे सरळ होताना कुरकुरायचे. एकदा तिने विचारलं होतं, आत्याबाई, गुडघे एवढे का धरलेत? सासू म्हणाली होती, की ती या घरात नवी आली तेव्हा तिच्या पायांच्या जागी नांगर उभा असायचा. पुढे नांगर गोठ्यात गेला. पाय मात्र तसेच राहिले.

 सुनेने पानं वाढली. गवंडी दोन भाकऱ्या जास्त जेवला आणि सुनेच्या हाताला चव आहे असं म्हणून गेला.

आता सासऱ्यांच्या मनात एक हौस होती. गावातली सगळी छपरं गवताची. दरसाल शाकारायची, दरसाल वाऱ्याने उडायची. नदीपलीकडे कुंभारांची वस्ती होती, तिथे त्यांनी कौलं पाहिली होती. भाजलेली, तांबडी, चपटी, एका टोकाला बोटभर वाकवलेली. आपल्या नव्या खोलीवर कौलं असावीत, गावातली पहिली, असं त्यांना वाटे. पण कुंभारांची भट्टी वर्षातून एकदाच लागे. त्या वेळी जेवढी न्याल तेवढी तुमची, नाहीतर पुढचं वर्ष.

सासऱ्यांनी अंदाज कसा केला, ते ऐका. कुंभाराकडून नमुन्याचं एक कौल आणलं. ते राखेच्या रेघेच्या आत ठेवलं, खूण केली, उचललं, खुणेपुढे ठेवलं, पुन्हा खूण केली. एकाला एक चिकटून, जशी माणसं शेजारी शेजारी झोपतात तशी. छपराच्या उताराचं म्हणून थोडं जास्त धरलं. सगळी जागा भरली आणि आकडा निघाला. कुंभाराने बिचाऱ्याने विचारलं होतं, की नीट मोजलंत ना. सासरे म्हणाले, आमच्या गावात माणसं मोजतात, चूक होत नाही. कणगीतलं धान्य गाडीत गेलं आणि गाडीतून कौलं आली.

गाडी आली तेव्हा ती उतरवायला सून आणि नणंद लागल्या. नणंद बोलत होती आणि सून उतरवत होती. कौलं हातात येत होती, जात होती, आणि दर वेळी सुनेचं बोट त्या वाकवलेल्या टोकावर अडकत होतं. हे टोक कशाला? ते खाली वाशाच्या पट्टीला अडकणार, हे तर दिसतच होतं. पण पाणी वरून येणार. एकाशेजारी एक ठेवलं तर मधल्या फटीतून सरळ आत. म्हणजे वरच्या कौलाने खालच्यावर चढायला हवं. चढायचं म्हणजे खालच्याचं डोकं वरच्याच्या पोटाखाली जाणार. म्हणजे...

सुनेने हातातलं कौल खाली ठेवलं.

माहेरून येताना तिने एक गोधडी आणली होती, स्वतः शिवलेली. गोधडीचा तुकडा दिसतो चार बोटं, पण कापावा लागतो पाच बोटं. एक बोट शिवणीत आत जातं. जो दिसतो तेवढाच तुकडा कापेल, त्याची गोधडी गुडघ्यापर्यंत येऊन संपेल. पहिली गोधडी शिवताना तिची तशीच झाली होती. ती भावाच्या पाळण्यात गेली.

आता हे सांगायचं कोणाला? सासऱ्यांना सांगावं, तर गावातलं पहिलं कौल आणणाऱ्या माणसाला त्याच्या अंगणात त्याची चूक दाखवायची. सासूला सांगावं, तर सून इतके दिवस बोलली नाही आणि पहिलं तोंड उघडलं ते अपशकुनाला, असं व्हायचं. नवऱ्याला सांगावं, तर मध्ये कणगी. तिने विचार केला आणि जे तिला येत होतं ते केलं.

दुपारी सगळे शेतावर गेले तशी ती राखेच्या रेघेत बसली आणि जमिनीवर कौलं मांडू लागली. मामंजींच्या बाजूने सुरुवात केली. एकाचं डोकं दुसऱ्याच्या पोटाखाली, कडेवर कड, गोधडी शिवतात तशी.

नणंद आली. तिने विचारलं, वहिनी, हा कसला खेळ? सून म्हणाली, “गोधडी.” एवढंच. नणंदेला खेळ आवडला. तीही बसली आणि कौलं हातात देऊ लागली.

मामंजी झाकले गेले. मुलगा झाकला गेला. नणंद स्वतःच्या जागेवर कौलं चढताना पाहून खूप हसली. मग सासूची जागा आली, आणि सासूच्या कमरेपाशी कौलं संपली.

नणंदेने आजूबाजूला पाहिलं. गाडी रिकामी होती. रास संपली होती. तिने धावत शेतावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, की छप्पर आईच्या कमरेपर्यंतच येतंय आणि मांजर उघड्यावर पडलंय.

सासरे आले. आधी कुंभारावर चिडले, त्याने कमी दिली म्हणून. सुनेने नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी पोरींवर डोळे वटारले, कौलं एकावर एक चढवून वाया घालवली म्हणून. सून उठली, तांब्याभर पाणी घेऊन आली. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन कौलांवर तिने पाणी ओतलं. ते मधल्या फटीतून सरळ मातीत गेलं. मग मांडलेल्या कौलांपैकी दोन, तशीच एकावर एक चढलेली, तिने तिरकी धरली आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. ते वरच्यावरून खालच्यावर, खालच्यावरून बाहेर गेलं.

सासऱ्यांनी ओल्या मातीला बोट लावून पाहिलं.

सासूला आधी उमगलं. तिनेही आयुष्यभर गोधड्या शिवल्या होत्या. ती म्हणाली, “शिवणीत जातं ते धरलंच नाही तुम्ही.”

भट्टी तर विझली होती. पुढच्या वर्षापर्यंत कौल मिळणार नव्हतं, आणि पावसाळा तोंडावर होता. सासऱ्यांनी डोकं खाजवलं आणि एक मार्ग काढला. तो फार सोपा होता. कौलं वाढत नसतील तर खोली कमी करायची. गवंड्याला पुन्हा बोलावलं. जुनी रेघ खराट्याने पुसली. सगळ्यांनी पुन्हा आडवं व्हायचं, या वेळी जरा आवरून.

आवरून म्हटलं की कोण आवरतं, ते पाहण्यासारखं असतं. सासरे घरचे कर्ते, त्यांना आवरता येईना. मुलगा मुळातच लांब. मग सासऱ्यांची नजर मुलीकडे गेली. ते म्हणाले, “हिची जागा कशाला धरायची? दोन वर्षांनी लग्न होऊन जायचीच आहे.”

नणंद नेहमी हसायची. या वेळी हसली नाही. उठून कडेला जाऊन बसली आणि बोटाने राखेत काहीतरी काढत राहिली. सासूने गुडघे आणखी पोटाशी घेतले. ती इतकी लहान झाली, की तिची आणि मांजराची जागा जवळजवळ सारखी दिसू लागली. मांजर अर्थातच आलं होतं. त्याच्यासाठी कोणी आवरायला सांगितलं नव्हतं.

गवंड्याने मूठ भरली.

सून चुलीपाशी होती. कुडाच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं. ही रेघ पडली की दगड लागणार, आणि दगड लागले की तिचं आयुष्य रांजण आणि कणगी यांच्यामध्ये जाणार. तिच्या मांडीखाली दुमडलेले तिचे स्वतःचे पाय तिला दिसले. बसायला तिथे तशीच जागा होती. हे पाय काही वर्षांनी कसे होतील, ते तिला बाहेर अंगणात समोर दिसत होतं.

तिने तवा उतरवला. भाकरी अर्धी कच्ची होती, तशीच राहू दिली. हात पदराला पुसले आणि बाहेर आली.

गवंडी थांबला. सासऱ्यांनी एक डोळा उघडला आणि चूल कोणी पाहायची, असं विचारलं.  सून सासूच्या पायांशी बसली, रोज संध्याकाळी बसायची तशी. एक पाय मांडीवर घेतला, गुडघ्यावर तळहात ठेवला आणि सावकाश, कुरकुर ऐकत ऐकत, तो सरळ केला. मग दुसरा. ओळीतल्याला हलवणं अशुभ, हे तिलाही माहीत होतं. 

सासूचे पाय जिथे पोचले, तिथे जमीन होती, हे पाहून सर्वांत जास्त आश्चर्य सासूला वाटलं.

मग सून उठली. कडेला बसलेल्या नणंदेचा हात धरून तिने तिला तिच्या जागी आणून निजवलं. आणि सासूपलीकडे, मांजर पसरलं होतं तिकडे गेली. मुलगा हे सगळं पाहत होता. आता तो उठला, मांजराला दोन्ही हातांनी उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. तोंडाने तो याही वेळी काही बोलला नाही. पण जागा झाली.

सून आडवी झाली, पाठीवर, पाय लांब करून. कितीतरी दिवसांनी तिच्या डाव्या अंगाखालीही कोरडी जमीन होती. वर आभाळ होतं. तिने डोळे मिटले.

गवंड्याने मूठ तशीच धरून विचारलं, “रेघ कुठून?”

सासरे अजून सुनेकडेच पाहत होते. तेव्हा सासू बोलली, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून बोलली. “सुनेच्या पलीकडून. आणि माझ्या पायांकडनं नीट बघून ओढ.”

रेघ पडली. ती पहिल्या रेघेपेक्षाही मोठी होती.

सासरे उठून बसले. ते रागावले नव्हते, पण अंदाज करणारा माणूस होता, आणि अंदाज त्यांच्यापुढे उभा होता. कौलं लहान खोलीला पुरत नव्हती, मोठीला कशी पुरायची? ते सुनेकडे पाहून म्हणाले, मांडून दाखव मग.

आणि तिने मांडून दाखवलं. नणंद मोठ्याने मोजत होती. आधी एकच ओळ, कौलावर कौल चढवून, भिंतीबाहेर पाणी पडावं एवढी पुढे काढलेली. मग अशा किती ओळी, तेवढ्या रेघा जमिनीवर. फुटतील, निसटतील त्यांच्यासाठी एक पाटी बाजूला. सासरे गुडघ्यांवर बसून पाहत होते. जेवढी कौलं होती, तेवढ्यांत डोंगराकडचा उतार पुरा झाकला जात होता, जिकडून वाऱ्याचा पाऊस येतो. पुढचा उतार उरत होता. सुनेने त्याच्यावर गवताची एक काडी आणून ठेवली.

गवंडी हसला. गवताचा अंदाज त्याला झोपेतही करता आला असता. किती पेंढ्या, किती दोर, त्याने तिथल्या तिथे सांगितलं.

मोठ्या रेघेला दगडही जास्त लागले. ते ओढ्यातून आणायला पाचही जणं गेली. सासऱ्यांनी सर्वांत मोठा दगड उचलला आणि मध्येच ठेवून दिला, मग मुलाने तो आणला आणि दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. माती पायांनी तुडवली. गवत सगळ्यांनी मिळून कापलं. खोली उभी राहिली. डोंगराकडून तांबडी, वाटेकडून पिवळी.

गावात हसणाऱ्यांची वाण नव्हती. पाणवठ्यावर एक म्हातारी म्हणाली, की असं डोकं मी जन्मात पाहिलं नाही, एका बाजूला पागोटं आणि एका बाजूला पदर. सासूने घडा भरला आणि म्हणाली, “दोघंही राहतात ना आत.”

पावसाळा आला आणि गेला. मागून वारा आदळायचा, कौलं वाजायची, थांबायची. आत थेंब आला नाही. सुनेची वळकटी भिंतीपाशी पसरायची, शेजारी नवऱ्याची. त्यांच्या बोलण्यात आता कणगी नव्हती. काय बोलत, ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. सासू पाय लांब करून झोपायला शिकत होती. अजून मध्येच गुडघे वर यायचे, पण कमी.

त्या गावात छपराने एक पावसाळा काढल्याशिवाय त्याला घर म्हणत नसत. पाऊस सरला की मग घरभरणी, आणि नव्या छपराखालचं पहिलं जेवण घरच्या सगळ्यांनी एका ओळीत बसून करायचं.

त्या दिवशी पानं सासऱ्यांनी स्वतः मांडली. हौसेने मांडली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पत्रावळी. एक स्वतःला, एक बायकोला, एक मुलाला, एक मुलीला, एक गवंड्याला, कारण तो आता घरचाच झाला होता. टोकाला एक छोटं पान मांजराला. ओळ भरली. सासरे मागे सरून पाहू लागले, आणि ओळ छान दिसत होती.

सून भाताचं पातेलं घेऊन दारात आली. तिने ओळ पाहिली. सासूनेही पाहिली, आणि तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

गवंडी म्हणाला, “आणि सूनबाईंचं पान?”

सासरे आनंदात होते. आनंदात माणसाच्या तोंडून जुनंच येतं. ते हसत म्हणाले, “तिचं काय? ती कुठेही मावेल.”

पुढे त्या गावाची रीत बदलली. अजूनही तिथे माणसांनीच घर मोजतात, पण गवंडी राखेची पाटी घेऊन आला की आधी चुलीपाशी जातो. तिथे जी असेल तिला पहिली निजवतात, मग बाकीच्यांना. जेवणाला त्या दिवशी उशीर होतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. कुंभारांकडे जाताना शिवणीत जाणारा हिस्सा धरूनच आकडा सांगतात, आणि एक पाटी फुटीची वेगळी. हे सगळं बदललं ते त्या पंगतीपासून. कारण त्या दिवशी सासऱ्यांनी आपलं पान सरकवलं, मुलाने त्याचं, एकेक करत सगळ्यांनी, आणि मांजराचं पान ओट्यावर गेलं. सासू आणि सासरे यांच्या मधोमध सहावी पत्रावळ पडली, आणि ती सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने टाकली.

ती टाकायला लावली सुनेच्या दोन वाक्यांनी. त्या घरात आल्यापासून सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती पहिल्यांदा बोलली. पातेलं खाली ठेवलं, पदर सारखा केला, आणि हसून म्हणाली,

“मावेन की, मामंजी. पण आधी मोजा.”

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: जे झाकलेलं आहे तेही मोजल्याशिवाय कुठल्याच घराचा अंदाज खरा होत नाही.